खऱ्या गुंडांवरचे चित्रपट: घडलेले किती, रचलेले किती?

प्रश्न: पडद्यामागे

प्रत्यक्षात होऊन गेलेल्या गुंडांवर बेतलेले चित्रपट मी आवडीने पाहतो आणि त्यानंतर त्यांतील माणसांविषयी जे वाचायला मिळेल ते वाचतो. या वाचनातून एक विचित्र गोष्ट लक्षात आली. जो प्रसंग पाहताना ‘हे काही खरे नसणार’ असे वाटते तो पुष्कळदा खरा निघतो, आणि जो सहज पटतो तो साफ रचलेला असतो.

‘कसिनो’ (१९९५) या चित्रपटात नायकाच्या मोटारीत बॉम्बस्फोट होतो आणि चालकाच्या आसनाखाली असलेल्या धातूच्या पत्र्यामुळे तो वाचतो. पाहताना ही पटकथाकाराने करून घेतलेली सोय वाटते. पण ज्याच्यावरून ते पात्र घेतले तो लास व्हेगासमधील फ्रँक रोझेन्थाल ४ ऑक्टोबर १९८२ रोजी नेमका असाच वाचला होता. उलट ‘द अनटचेबल्स’ (१९८७) मध्ये शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याचा खटला चालू असताना एलियट नेस हा अधिकारी कपोनच्या टोळीतील फ्रँक निटी याला न्यायालयाच्या गच्चीवरून खाली ढकलून देतो. कथेच्या ओघात हे अगदी स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात निटी त्या खटल्यानंतर अकरा-बारा वर्षे जगला आणि मार्च १९४३ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

तेव्हा ‘पटते की नाही’ ही कसोटी येथे कुचकामी आहे. मग कोणती लावावी? एकेका चित्रपटासाठी चार-चार पुस्तके वाचणे सर्वांना शक्य नसते. पटकथाकार कोणत्या ठिकाणी हमखास बदल करतात, ‘सत्य घटनेवर आधारित’ या पाटीला काही वजन असते का, आणि गुंडांच्या आठवणी, पोलिसांच्या आठवणी व पत्रकारांची पुस्तके यांपैकी कोणावर किती विसंबावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर: मुद्देमाल

चित्रपट खरा आहे का, हे विचारण्याआधी ती हकीकत मुळात कोणी सांगितली, हे विचारावे असे माझे मत आहे. दिग्दर्शक कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या हाती जी कथा येते ती कोणाच्या तरी तोंडून आलेली असते, आणि त्या माणसाची बढाई, भीती व हिशेब चित्रपटाकडे वारशाने येतात.

‘द आयरिशमन’ (२०१९) हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. कामगार पुढारी जिमी हॉफा ३० जुलै १९७५ रोजी डेट्रॉइटजवळून नाहीसे झाले. त्यांचा मृतदेह आजवर सापडलेला नाही आणि त्यांच्या खुनाबद्दल कोणावर खटलाही चाललेला नाही. चित्रपटात मात्र फ्रँक शीरन त्यांना एका घरात नेऊन गोळी घालतो आणि आपण ते डोळ्यांनी पाहतो. या प्रसंगाला आधार एकच आहे, तो म्हणजे आयुष्याच्या अखेरीस शीरनने एका वकील-लेखकाला दिलेली कबुली. ते पुस्तक २००४ साली, म्हणजे शीरनच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्याने सांगितलेल्या घराच्या लाकडी फळ्यांवर रक्त सापडले, त्याची तपासणीही झाली; परंतु ते हॉफा यांचे असल्याचे निष्पन्न झाले नाही. शीरन खोटेच बोलला असे यावरून म्हणता येत नाही. परंतु त्याला खोटे पाडू शकणारी जवळपास सर्व माणसे तोवर मेलेली होती आणि मरणपंथाला लागलेल्या माणसाला शिक्षेचे भय नव्हते, हे लक्षात ठेवून तो प्रसंग पाहिला पाहिजे.

पोलिसांच्या तोंडून आलेली कथा अधिक विश्वसनीय असते, असेही समजू नये. एलियट नेस यांच्या आठवणींचे पुस्तक १९५७ साली एका पत्रकाराच्या सहकार्याने तयार झाले आणि ते छापून येण्याआधीच नेस वारले. त्यातून जी दंतकथा उभी राहिली, तिच्यात कपोनला जेरबंद करण्याचे सगळे श्रेय नेस यांच्याकडे गेले. वास्तविक कपोनला ऑक्टोबर १९३१ मध्ये ११ वर्षांची कैद झाली ती प्राप्तिकर चुकवल्याबद्दल. तो पुरावा महसूल खात्याच्या फ्रँक विल्सन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी वह्या-पावत्या चाळून उभा केला होता. नेस यांच्या पथकाने दारूबंदीभंगाचा जो पुरावा गोळा केला होता, त्यावरचा खटला न्यायालयात उभाच राहिला नाही. वह्या चाळणारा माणूस पडद्यावर शोभत नाही, त्याला कोण काय करणार! त्याच चित्रपटात न्यायाधीश आयत्या वेळी ज्यूरी बदलतात, हा प्रसंग मात्र बव्हंशी खरा आहे. कपोनच्या माणसांनी ज्यूरी फोडल्याचा सुगावा लागल्यावर न्यायमूर्ती विल्करसन यांनी संभाव्य ज्यूरींचा संपूर्ण संच दुसऱ्या न्यायाधीशांच्या संचाशी बदलून घेतला होता. फक्त हे खटल्याच्या मध्यावर घडले नाही, आरंभीच घडले.

तिसरा प्रकार न्यायालयात उलटतपासणीला तोंड दिलेल्या माफीच्या साक्षीदाराचा. ‘गुडफेलाज’ (१९९०) ज्याच्या हकीकतीवर उभा आहे तो हेन्री हिल १९८० मध्ये सरकारी साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीवर लोकांना शिक्षा झाल्या. त्यामुळे त्या चित्रपटातील दैनंदिन तपशील, म्हणजे पैसे कसे फिरत, हप्ता कोणाकडे कसा पोचत असे, हे बऱ्यापैकी भरवशाचे आहेत. मात्र येथेही एक खाचखळगा आहे. डिसेंबर १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीच्या गोदामातून सुमारे ५० लाख डॉलर रोख आणि शिवाय जवाहीर लुटले गेले. त्या दरोड्याचा सूत्रधार म्हणून चित्रपट ज्याच्याकडे बोट दाखवतो त्या जिमी बर्कला (चित्रपटातील नाव जिमी कॉनवे) त्या गुन्ह्यासाठी कधीच शिक्षा झाली नाही. तो तुरुंगात गेला तो महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सामन्यांतील लबाडीसाठी आणि पुढे एका वेगळ्या खुनासाठी. दरोड्यासाठी दोषी ठरला तो गोदामाची माहिती आतून पुरवणारा कंपनीचा एक कर्मचारी. बर्कचा सहभाग जवळपास सर्वच अभ्यासक मान्य करतात, पण ‘सर्वांना ठाऊक असणे’ आणि ‘सिद्ध होणे’ यांतील फरक पडदा दाखवत नाही.

एक सोपी सवय सुचवतो. प्रसंग पाहताना स्वतःला विचारावे की, खोलीत त्या वेळी कोण होते आणि त्यांपैकी कोण जिवंत बाहेर आले. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी मुंबईत लोखंडवाला संकुलातील इमारतीत पोलिसांशी झालेल्या चकमकीत माया डोळस, दिलीप बुवा यांच्यासह आत असलेले सातही जण मारले गेले. या चकमकीवरच्या २००७ सालच्या चित्रपटात फ्लॅटच्या आत चाललेले संवाद ऐकू येतात. ते कोणी ऐकले होते? बाहेरच्या बाजूची हकीकत पोलिसांच्या कागदांत मिळेल, पण तीही एकाच पक्षाने लिहिलेली आहे. (त्या चित्रपटाच्या निर्मात्यांनी तो ‘खऱ्या अफवांवर’ आधारलेला असल्याचे जाहिरातीतच सांगून टाकले होते. इतका प्रामाणिकपणा या व्यवसायात दुर्मीळ आहे.)

उत्तर: कातरकाम

मुद्देमाल यांनी कथेच्या उगमाविषयी लिहिले आहे. मी रचनेविषयी लिहितो. संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्याला ठाऊक असते की, बदल वाटेल तेथे होत नाहीत, ते ठरावीक सांध्यांवर होतात.

पहिला सांधा घटनांच्या क्रमाचा. ‘पब्लिक एनिमीज’ (२००९) पाहावा. बँका लुटणाऱ्या जॉन डिलिंजरचा लाकडी पिस्तूल दाखवून तुरुंगातून पळण्याचा प्रसंग (मार्च १९३४) खरा आहे आणि काही चित्रण प्रत्यक्ष त्या-त्या जागी जाऊन केलेले आहे. २२ जुलै १९३४ रोजी शिकागोतील बायोग्राफ चित्रपटगृहातून बाहेर पडताना तो मारला गेला, त्या वेळी त्याने पाहिलेला चित्रपटसुद्धा बरोबर दाखवला आहे. इतकी काळजी घेणाऱ्या चित्रपटात ‘प्रिटी बॉय’ फ्लॉइड आणि ‘बेबी फेस’ नेल्सन हे दोघेही डिलिंजरच्या आधी मरतात. वास्तवात फ्लॉइड ऑक्टोबर १९३४ मध्ये आणि नेल्सन नोव्हेंबर १९३४ मध्ये मेला, म्हणजे दोघेही डिलिंजरच्या मागे राहिले होते. कारण उघड आहे. नायकाच्या मृत्यूनंतर प्रेक्षक आणखी दोन मृत्यूंसाठी खुर्चीत बसून राहत नाही. आरंभीच्या तुरुंगफोडीत डिलिंजर स्वतः साथीदारांना सोडवायला येतो, हेही तसेच; सप्टेंबर १९३३ मध्ये ते साथीदार पळाले त्या दिवशी तो स्वतः ओहायोतील एका कोठडीत होता आणि पुढे त्यांनीच येऊन त्याला सोडवले. नायक प्रस्तावनेतच कोठडीत बसून असला तर कसे चालेल?

यावरून मी एक अनुमान काढले आहे. कपडे, मोटारी, बंदुका, इमारती जितक्या अचूक, तितका प्रेक्षक क्रमाविषयी गाफील होतो. वस्तूंच्या अचूकतेवरून घटनांच्या अचूकतेचा अंदाज बांधू नये.

दुसरा सांधा शेवटाचा, आणि सर्वाधिक खोटेपणा येथेच असतो. ‘डॉनी ब्रास्को’ (१९९७) मध्ये टोळीत शिरलेल्या गुप्त अधिकाऱ्यावर विश्वास टाकणारा लेफ्टी रुजेरो शेवटी अंगावरच्या मौल्यवान वस्तू काढून ठेवतो आणि मरणाला सामोरा जाण्यासाठी घराबाहेर पडतो, असे सूचित केले आहे. तो प्रसंग अभिनयामुळे अविस्मरणीय झाला आहे, पण खऱ्या रुजेरोला १९८१ मध्ये एफबीआयने अटक केली, त्याने अनेक वर्षे कैद भोगली आणि १९९४ मध्ये तो कर्करोगाने मेला. अधिकाऱ्याला टोळीत घेतल्याची किंमत जिवाने मोजली ती त्याच्या वरच्या सनी ब्लॅक नापोलितानोने.

आपल्याकडेही हेच दिसते. मणिरत्नम यांचा ‘नायकन’ ऑक्टोबर १९८७ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यातील वेलू नायकर न्यायालयाबाहेर गोळी लागून मरतो. हे पात्र ज्याच्यावरून सुचले तो वरदराजन मुदलियार त्या दिवशी मद्रासमध्ये जिवंत होता. तो जानेवारी १९८८ मध्ये आजाराने मेला. ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई’ (२०१०) मधील सुलतान मिर्झा आपल्याच शिष्याच्या गोळीने मरतो, तर ज्याच्याशी त्याचे साम्य सगळ्यांना दिसले तो हाजी मस्तान १९९४ मध्ये नैसर्गिक मरणाने गेला. अंथरुणावर, औषधांच्या बाटल्यांशेजारी येणारे मरण पटकथेला परवडत नाही, कारण मग पापाचा हिशेब पुरा झाल्यासारखे वाटत नाही.

याशिवाय चार माणसांचे एक पात्र करणे आणि कधीही समोरासमोर न आलेल्या दोघांची भेट घडवणे हे नित्याचे आहे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. अशी भेट दिसली की संशय घ्यावा, इतकेच.

उत्तर: पिटातला प्रेक्षक

दोघांची उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण या साऱ्या खटाटोपाची गरज काय, असे मला नम्रपणे विचारावेसे वाटते. चित्रपट हे काही न्यायालयाचे निकालपत्र नाही. आपल्याकडे पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांना शतकभर प्रेक्षक गर्दी करत आले, त्यांत कोणी तारखा तपासल्या नाहीत. रुजेरो कर्करोगाने मेला हे कळल्यामुळे तो शेवटचा प्रसंग माझ्यासाठी कमी सुंदर होत नाही. कलाकृतीने माणसाच्या स्वभावातले सत्य सांगितले की तिचे काम झाले.

उत्तर: मुद्देमाल

रुजेरोच्या बाबतीत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. तेथे कोणाचे नुकसान झाले नाही. पण प्रत्येक वेळी तसे नसते, कारण या चित्रपटांतील माणसे पुराणातील नसून त्यांच्या विधवा, मुले आणि सहकारी प्रेक्षागृहात बसलेले असू शकतात.

‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) मध्ये फ्रँक हेमर हा टेक्सासचा अधिकारी त्या दरोडेखोर जोडीच्या हाती सापडतो, अपमानित होतो आणि नंतर सूडाने पेटून त्यांना ठार करतो. खऱ्या हेमर यांनी २३ मे १९३४ च्या सापळ्याआधी त्या दोघांना कधी समोरासमोर पाहिलेही नव्हते. म्हणजे कर्तव्य बजावणाऱ्या माणसाला एका रचलेल्या प्रसंगाने सूडबुद्धीचा ठरवले. त्यांच्या पत्नीने दावा लावला आणि १९७१ मध्ये तडजोड झाली. परंतु चित्रपट पाहणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ती तडजोड कधी पोचली असेल?

‘अमेरिकन गँगस्टर’ (२००७) चे प्रकरण मला याहून गंभीर वाटते. फ्रँक लुकास हा हेरॉइनचा व्यापारी पोलिसांना साहाय्य करू लागल्यानंतर न्यूयॉर्कमधील अमली पदार्थविरोधी यंत्रणेतील तीन-चतुर्थांश लोक दोषी ठरले, अशा अर्थाची पाटी चित्रपटाच्या अखेरीस येते. हे पात्राच्या तोंडचे वाक्य नाही. कथा संपल्यानंतर निर्मात्याने स्वतःच्या अधिकारात केलेले विधान आहे, आणि ते असत्य आहे. निवृत्त अधिकाऱ्यांनी दावा केला, तो २००८ मध्ये कायदेशीर कारणास्तव फेटाळला गेला, पण पाटीतील विधान चुकीचे असल्याचे न्यायाधीशांनीही नमूद केले. आपण बहुतेक जण ज्याला चित्रपटातील सर्वांत विश्वसनीय भाग समजतो, तो शेवटचा पांढऱ्या अक्षरांतला मजकूरसुद्धा तपासूनच घ्यावा लागतो. स्वभावातले सत्य वगैरे ठीक आहे, पण आकडा दिला की तो खरा असला पाहिजे.

उत्तर: तळटीप

मूळ प्रश्नातील पाट्यांच्या वजनाविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

‘सत्य घटनेवर आधारित’ या शब्दांना कायद्याने ठरलेली अशी कोणतीही मात्रा नाही. किती टक्के सत्य असल्यावर ती पाटी लावावी, हे कोणी तपासत नाही. उलट ‘सर्व पात्रे काल्पनिक असून साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा’ या पाटीमागे ठोस इतिहास आहे. रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रासपुतिन या साधूवरच्या १९३२ सालच्या हॉलीवूडच्या एका चित्रपटात, कथेतील काही व्यक्ती अद्याप हयात आहेत, अशा अर्थाची पाटी अभिमानाने लावली होती. रासपुतिनच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या राजपुत्र युसुपोव यांच्या पत्नी इरिना यांनी, चित्रपटातील कलंकित राजकन्या म्हणजे आपणच असे लोक समजतील, म्हणून इंग्लंडमध्ये दावा लावला आणि १९३४ मध्ये त्यांना २५,००० पौंड भरपाई मंजूर झाली. या प्रकरणानंतर चित्रपट कंपन्यांनी नेमकी उलटी पाटी लावण्याची प्रथा रुजवली. म्हणून ही पाटी म्हणजे सत्याविषयीचे निवेदन न समजता वकिलाने घातलेले चिलखत समजावे. हाजी मस्तानशी साम्य सांगितल्या जाणाऱ्या वर उल्लेखिलेल्या चित्रपटातही तसे निवेदन घालावे लागले, याचा अर्थ साम्य नव्हते असा होत नाही.

भारतात आणखी एक गोष्ट परिणाम करते. चेन्नईतील कुख्यात गुन्हेगार ‘ऑटो शंकर’ याच्या आत्मकथेच्या प्रकाशनावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जो निर्णय दिला, त्यानुसार न्यायालयीन कागदांसह सार्वजनिक अभिलेखात जे आहे ते संबंधिताच्या संमतीवाचून छापता येते. मात्र त्यापलीकडे जाऊन खाजगी आयुष्यात शिरल्यास दायित्व येऊ शकते. त्यामुळे खरी नावे वापरणारा निर्माता शक्यतो आरोपपत्र आणि निकालपत्र यांना चिकटून राहतो, तर ज्याला प्रेमप्रकरण, बालपण आणि आईचे अश्रू हवे असतात तो नाव बदलतो. हा नियम नाही, पण अंदाज बांधायला उपयोगी आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ मध्ये खरी नावे आहेत आणि तो एका शोधपत्रकाराच्या पुस्तकावर आधारलेला आहे. त्याची किंमतही त्याने मोजली. खटला प्रलंबित असताना आरोपींच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे प्रदर्शन रोखले आणि २००४ मध्ये तयार असलेला चित्रपट फेब्रुवारी २००७ मध्ये पडद्यावर आला.

पत्रकारांच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, लेखकाने कोणते विधान कोणत्या कागदावरून वा कोणाच्या मुलाखतीवरून घेतले हे त्याने जेथल्या तेथे सांगितले असेल तर ते पुस्तक कामाचे. संवाद अवतरणचिन्हांत धडाधड येत असतील आणि कोणी ऐकले याचा पत्ता नसेल, तर तीही अर्धी पटकथाच समजावी.

पडद्यामागे

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न विचारतो. चित्रपट तयार होत असताना जे सर्वमान्य होते तेच पुढे चुकीचे ठरले, तर तो दोष कोणाकडे जातो? असे प्रत्यक्षात घडले आहे का?

उत्तर: कातरकाम

घडले आहे, आणि तुम्ही आरंभी उल्लेखिलेल्या ‘कसिनो’ मध्येच घडले आहे. त्यातील निकी सँटोरो हे पात्र शिकागोच्या टोळीतील टोनी स्पिलोट्रोवर बेतलेले आहे. जून १९८६ मध्ये टोनी आणि त्याचा भाऊ मायकेल यांचे मृतदेह इंडियानातील मक्याच्या शेतात पुरलेले सापडले. मृतदेह शेतात मिळाले तेव्हा मारहाणही तेथेच झाली असणार, असे धरून चित्रपटात दोघा भावांना शेतात दांडक्यांनी मारून धुगधुगी असतानाच पुरल्याचे दाखवले. १९९५ मध्ये याला खोटे ठरवील असे काहीच उघड झालेले नव्हते.

शिकागोत २००७ मध्ये टोळीने केलेल्या अनेक जुन्या खुनांचा जो मोठा खटला चालला, त्यात टोळीतीलच एकाने साक्ष दिली की, दोघा भावांना बढती देण्याच्या मिषाने शहराच्या उपनगरातील एका घरात बोलावले, त्या घराच्या तळघरात मारले आणि नंतर शेतात नेऊन पुरले. तोपर्यंत चित्रपट येऊन बारा वर्षे झाली होती. यात दिग्दर्शकाचा दोष मला दिसत नाही. मात्र आज त्या खुनाविषयी लिहिणाऱ्याने चित्रपटातील शेताचा प्रसंग आधार म्हणून दिला, तर तो दोष लिहिणाऱ्याचा. चित्रपट कोणत्या साली तयार झाला आणि संबंधित खटला कोणत्या साली निकालात निघाला, ही दोन साले शेजारी ठेवून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.